एकादशीची आमटी

त्या बातमीतला एक शब्द चुकीचा होता. तो पोलिसांनी सुचवला आणि मी लिहिला. शब्द होता 'शिळ्या'. 'शिळ्या आमटीमुळे विषबाधा. खानावळवाली ताब्यात' असा मथळा तिसऱ्या पानावर दुहेरी स्तंभात लागला. ज्या बाईविषयी तो होता तिला अक्षरओळख नव्हती, पण तो शब्द तिला पहिल्याच दिवशी कोणीतरी वाचून दाखवला. त्यानंतर तिने माझ्याकडे एकच मागणी केली आणि ती कधीच पुरी झाली नाही.

ही सत्तरच्या दशकातली, दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या आणि रंगखान्यांच्या गल्ल्या एकमेकींना चिकटून होत्या. तिथल्या एका रंगखान्यासमोर या बाईची खानावळ होती. पत्र्याची एक खोली, दोन चुली, जमिनीवर बसायच्या पट्ट्या टाकलेल्या. बाई करकंब गावची. नवरा मागावर होता, तो छातीच्या दुखण्याने गेल्यावर तिने खानावळ काढली. कामगार तिला मावशी म्हणत. दुपारी भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी, शेंगाची चटणी आणि कांदा. मी वार्ताहर होतो, एकटा राहत होतो आणि आठवड्यातून तीन-चारदा तिथेच जेवत होतो. पुढे जे सांगतो आहे त्यातले बरेच जेवताना पाहिलेले आहे, बाकीचे नंतर विचारून घेतलेले.

रंगखान्यात मीठ पोत्यांनी लागते. साध्या रंगात सूत बुडवले की रंग सुताला धरावा म्हणून त्या पाण्यात मीठ टाकतात. ते आपले खाण्याचेच खडेमीठ असते. त्या गल्लीत अशी रीत पडली होती की रंगखान्यातले मीठ बायकांनी घरी न्यावे. मालक अडवत नसे. मिठाला नाही म्हणू नये, असे तो म्हणे. वाटीभर मिठात गल्ली आपली होते, हे त्याला कळत असणार. मावशीही दर दोन दिवसांनी सकाळी जाई, पत्र्याच्या शेडमध्ये दारापासून तिसरे पिंप उघडून त्यातून चिनी मातीची बरणी भरून आणी.

चौथ्या पिंपात नायट्राइट होते. लाल रंगाची रीत वेगळी आहे. सूत आधी एका पाण्यातून काढतात, तेव्हा ते पिवळट दिसते. मग ॲसिड, नायट्राइट आणि बर्फ घालून केलेल्या दुसऱ्या पाण्यात ते बुडवले की डोळ्यांदेखत लाल होते. चादरीच्या काठांचा लाल असाच येतो. नायट्राइट दिसायला मिठासारखे, जरा पिवळसर, चवीला किंचित खारट. पोटात गेले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. ओठ निळे पडतात, नखे निळी पडतात. हे सगळे मला नंतर कळले. रंगखान्यातल्या माणसांना त्यातले निम्मे आधीच माहीत होते; पिंपाला हात लावला की हात धुवायचे, एवढे तरी प्रत्येक जण नवीन माणसाला सांगत असे.

पिंपांवर नावे नव्हती. मिठाच्या झाकणावर चुन्याचे वर्तुळ आणि नायट्राइटच्या झाकणावर पिवळी फुली, एवढीच खूण. खंडेनवमीला रंगखान्यात सगळ्या अवजारांची पूजा असते. हौद घासतात, पिंपे बाहेर काढून धुतात, झाकणे राखेने घासतात. त्या वर्षीही घासली. चुना गेला, फुली गेली. प्रत्येक झाकणावर कुंकवाचे एकसारखे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली आणि पिंपे परत शेडमध्ये नेली. ज्यांनी नेली त्यांनी ती हाताला येतील तशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दसरा, रंगखाना बंद. तिसऱ्या दिवशी एकादशी.

एकादशीला सकाळी आठच्या सुमारास मावशी बरणी घेऊन गेली आणि दारापासून तिसरे पिंप उघडले. त्या सकाळी मीठ नेणारी ती एकटीच होती; बाकीच्या घरांनी सणाआधीच भरून ठेवले होते. नऊ वाजता तिने आमटी चुलीवर चढवली. मी त्या वेळी चहाला तिथे होतो. डाळ त्याच सकाळी धुतलेली होती, धुवणाचे पाणी दारात सांडलेले होते आणि त्यावरून ती मला ओरडली, "चिखलाचं पाय आत आणू नगा, वाईच बाजूनं या की!" हे मी पाहिले होते. तरीही दुपारी मी 'शिळ्या' लिहिले.

मावशी एकादशी धरत असे. दिवसभर दोन केळी आणि पाणी. त्यामुळे त्या दिवशी तिने आमटी चाखली नाही. मीठ अंदाजाने टाकले. तिच्याकडे जेवणारे मराठी कामगारही बहुतेक उपास करत, म्हणून एकादशीला पंगत लहान. बसले ते दहा-बारा जण, जवळजवळ सगळे तेलुगू बोलणारे, रंगखान्यातले आणि शेजारच्या मागांवरचे. पहिल्या घासालाच एक जण म्हणाला, "मावशी, आज मिठाला रुसलीस का काय? अळणी हाय."

"माजा उपास, मला काय ठावं? बरणी हितंच हाय, घ्या हातानं."

बरणी पंगतीवरून फिरली. ज्याने त्याने चिमूट घेतली, काहींनी दोन घेतल्या. रंगखान्यातला एक म्हातारा रंगारी तिखट खारट खाणारा; त्याने मूठभर घेऊन भाकरीवर भुरभुरले. "म्हातारपणी जीभ मरते," तो म्हणाला. "जिभेचं काय, हाताकडं बग," शेजारचा म्हणाला आणि सगळे हसले. म्हाताऱ्याचे हात तीस वर्षे निळीच्या आणि काळ्या रंगाच्या हौदात गेलेले होते. नखे कायमची निळी. गल्लीत त्याची थट्टा नेहमीचीच.

हे संभाषण मला त्यातून वाचलेल्या दोघांनी वेगवेगळे सांगितले. दोघांचे जुळले.

अर्ध्या तासात पहिल्याने ओकारी केली. मग दुसऱ्याने. डोके धरून माणसे पट्टीवरच आडवी झाली. गल्लीतल्या लोकांनी टांगे आणि हातगाड्या आणल्या आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. तोंडे निळी दिसत होती. पण निळे हात, निळी नखे, निळ्या शिंतोड्यांचे चेहरे त्या गल्लीत रोज दिसत. जे मागांवरचे होते, ज्यांच्या अंगाला रंग लागत नसे, त्यांचे ओठ पाहून बायका घाबरल्या. त्यांना आधी नेले. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. "ह्याचं निळं जुनंच हाय," असे म्हणून त्याला शेवटच्या गाडीत घातले. दवाखान्यातही वॉर्डबॉयने त्याला ओळीच्या टोकाला ठेवले. कारण तेच. तो चारच्या आधी गेला.

मी अडीच वाजता पोलीस चौकीत पोहोचलो. मावशीला बाकावर बसवले होते. जमादार जेवण करून आला होता आणि दात कोरत बोलत होता.

"शिळं वाढलं, दुसरं काय. सणाची आमटी उरली असेल, ती ऊन करून घातली."

"ती म्हणते का तसं?"

"ती कशाला म्हणेल? अहो, स्वतः जेवली नाही. तिच्या जातभाईंतला एकही जेवला नाही. दुसरे तेवढे मरायला टेकले. आता तुम्हीच जोडा."

"एकादस हाय आज!" मावशी बाकावरून म्हणाली. "एकादशीला जेवू का म्या? तुमच्या घरात कोन एकादस धरत न्हाय काय, जमादार?"

"गप बस."

ती माझ्याकडे वळली. "तुमी तर सकाळी हितंच हुता की! सांगा की ह्यास्नी, डाळ कवा शिजली ते."

मी जमादाराला सांगितले. त्याने विचारले, शिजताना तुम्ही शेवटपर्यंत होता का? नव्हतो. ताजीत शिळी मिसळली नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता का? नाही सांगता येत. "मग?" तो म्हणाला. डाक आवृत्तीचे, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचे, पान चारला सुटत असे. मी बातमी लिहिली. 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द मी मजकुरात घातले. मथळ्यात जागा नव्हती म्हणून तिथून गेले. हे कारण आहे, सबब नाही. मथळाच लोक वाचतात हे मला त्या वेळीही ठाऊक होते.

महानगरपालिकेचा अन्न निरीक्षक संध्याकाळी आला. तोवर गल्लीने आमटी गटारात ओतली होती आणि भांडी रस्त्यावर फेकली होती. एका बाईने चुलीत पाणी घातले. "आपली राखली आणि आमची मारली," असे तेलुगूत म्हणत होते, आणि ज्यांना तेलुगू येत नव्हते त्यांनाही ते कळत होते. निरीक्षकाने डाळ, तिखट आणि तेल यांचे नमुने बाटल्यांत घेतले. मीठ घेतले नाही. मी विचारले तेव्हा तो हसला. "मिठात कोण भेसळ करतं हो? त्याच्याहून स्वस्त काही आहे का?" पुढे त्या नमुन्यांचा अहवाल आला: निर्भेळ. त्यावर पोलिसांचा युक्तिवाद पक्का झाला. डाळ शुद्ध, तिखट शुद्ध, तेल शुद्ध, म्हणजे दोष शिजवलेल्या अन्नात, म्हणजे शिळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला आणि चिडलेला. त्याच्या टेबलावर आमचा अंक होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"शिळ्या अन्नाने माणूस अर्ध्या तासात निळा पडत नाही. सुईत रक्त ओढलं तर ते तपकिरी आलं. काढ्यासारखं. असं रक्त मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. विचारायला येता येत नव्हतं तुम्हाला?"

त्याने सांगितले की असे रक्त करणारी रसायने मोजकी आहेत आणि त्यांतले एक रंगकामात वापरतात. उतारा म्हणून त्याने प्रयोगशाळेतल्या मेथिलिन ब्ल्यूचे इंजेक्शन करून दिले. तेही मूळचे रंगच. बाकीचे त्यामुळे वाचले. म्हाताऱ्याची पाळी येईपर्यंत उशीर झाला होता. "त्याला टोकाला कोणी ठेवलं?" डॉक्टरने माझ्यासमोर वॉर्डबॉयला विचारले. वॉर्डबॉय म्हणाला, "साहेब, त्याचे हात आधीपासूनच तसे होते म्हणाले."

मावशीला तिसऱ्या दिवशी सोडले, रोज चौकीत हजेरी लावायच्या अटीवर. ती चौकीतून घरी गेली आणि घरून थेट आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली. पदराखाली फेकाफेकीतून वाचलेली मिठाची बरणी होती. माझ्या टेबलावरच्या कागदांवर तिने ती आदळली.

"शिळं लिवलंय म्हनं माझ्यावर."

मी उभा राहिलो.

"बसा बसा. लिवताना बसूनच लिवलं असंल की. म्या इक्ती वर्सं रांधतीया. उरलं तर गाईला घातलं, पन पंगतीत शिळं वाढलं न्हाय. मानूस माझ्या हातनं मेला, ते देव बगंल. पन शिळं न्हवतं. त्येवढं काडून टाका."

"मावशी, पोलीस म्हणाले—"

"पोलीस हुतं काय सकाळी चुलीपाशी? तुमी हुता." तिने बरणीवर हात ठेवला. "ह्यात बगा. बरनी पंगतीवरनं फिरली. ज्यानं लई घेतलं त्यो मेला, ज्यानं थोडं घेतलं त्यो ओकला. येकानं मीठच घेतलं न्हाय, त्यो लवकर उठून बसला. म्या अडानी, पन येवडं मला कळतंय. तुमाला कसं कळंना?"

निरीक्षक, जमादार आणि मी, तिघांना जे सुचले नव्हते ते तिने चौकीच्या बाकावर बसून जुळवले होते.

मी बरणीतले थोडे मीठ कागदात बांधून रंगखान्यात गेलो. शेडच्या मागे सुताच्या लडी दोरीवर पडल्या होत्या. मोठी खेप, सगळी पिवळट. ती लाल व्हायला हवी होती. मी रंगमास्तरला विचारले, ही खेप कधीची? तो पन्नाशीचा, कमी बोलणारा, तेलुगू घरचा माणूस. सगळा रंगखाना त्याच्या हातावर चाले.

"एकादशीची," तो म्हणाला.

"लाल का नाही आली?"

तो लडी सारख्या करू लागला. मी पुडी उघडून त्याच्यापुढे धरली. लाल रंगाच्या पाण्यात नायट्राइट पुरेसे आहे की नाही ते पाहायला रंगखान्यात एक कागद असतो. मास्तर त्याच्या पट्ट्यांची डबी खिशातच बाळगत असे. त्याने वाटीत पाणी घेतले, पुडीतली चिमूट विरघळवली, ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि पट्टी बुडवली. पट्टी लगेच काळीनिळी झाली. ती तशीच हातात धरून तो उभा राहिला.

"मास्तर, तुम्हाला कधी कळलं?"

"साडेनऊला सूत बुडवलं. रंग उठेना. पुन्हा घातलं, तरी उठेना. मग दोन्ही पिंपांतलं जिभेला लावून बघितलं." त्याने थुंकल्याची खूण केली. "पिंपं जागच्या जागी लावली. खूण केली परत."

"किती वाजले होते?"

"साडेदहा असतील."

"मावशी मीठ नेते हे माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत आहे."

"समोर दार आहे तिचं. पंधरा पावलं."

त्याने वाटी खाली ठेवली. "माझ्या डोक्यात सूत होतं," तो म्हणाला. "एवढी खेप गेली, मालकाला काय सांगू, तेवढंच डोक्यात होतं. बाई आलीच नाही डोक्यात. तो म्हातारा माझ्या हाताखाली होता, साहेब. मी त्याला सांगितलं पण नाही. तो माझ्यासमोरून जेवायला गेला."

मालक मला आतल्या खोलीत भेटला. त्याने चहा मागवला, तो मी घेतला नाही. "या गल्लीनं इतकी वर्षं माझं मीठ खाल्लंय," तो म्हणाला. "एक माणूस माझ्याविरुद्ध बोलायचा नाही. मास्तरही नाही." त्याचे म्हणणे खरे ठरले. मास्तरने जे मला सांगितले ते पोलिसांना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पिवळट लडी दोरीवर नव्हत्या. पिंपांवर मात्र तेव्हापासून नावे रंगवलेली होती, मराठीत आणि तेलुगूत, हातभर अक्षरांत. ज्या रंगखान्यात काही घडलेच नाही तिथे ती कशासाठी रंगवली, हे कोणी विचारले नाही.

मी दोन पाने लिहून संपादकांपुढे ठेवली. डॉक्टरांचे म्हणणे, पट्टी, पिवळी खेप, खंडेनवमी, आणि शेवटी एक वाक्य: आमटी ताजी होती, आधीची बातमी चुकीची होती. संपादकांनी चष्मा कपाळावर नेला.

"मास्तर साक्ष देईल?"

"नाही."

"मग रंगखाना काढून टाका. नाव नसलं तरी सगळ्यांना कळतं कुठला ते." त्यांनी रेघा मारल्या. "डॉक्टरांचं ठेवू. चार ओळी."

"आणि शेवटचं वाक्य?"

"त्याचं काय?"

"ते आपलं आहे. आपण चुकलो. त्याला साक्ष लागत नाही. मी स्वतः पाहिलंय."

"अहो, माणूस मेला ते खरं ना? तिच्याच पंगतीत मेला ना? शिळं का ताजं, वाचकाला काय त्याचं?" त्यांनी त्या वाक्यावरही रेघ मारली. "पोलिसांचं म्हणणं होतं, छापलं. पोलिसांनी बदलावं, आपण छापू."

चार ओळी पाचव्या पानावर आल्या: विषबाधेस एखादे रसायन कारणीभूत असावे, असे डॉक्टरांचे मत. दिवाळीच्या अंकात रंगखान्याच्या मालकाच्या शुभेच्छांची जाहिरात होती, पान भरून. मी राजीनामा दिला नाही. त्या महिन्यात मी आणखी बऱ्याच बातम्या लिहिल्या.

पुराव्याअभावी पोलिसांनी प्रकरण मिटवले. तोवर मावशी पाच-सहा वेळा कचेरीत येऊन गेली. आत येत नसे. दारातून विचारी, "छापलं का?" मी नकारार्थी मान हलवी. ती निघून जाई. खानावळ तिने पुन्हा सुरू केली, पण गल्लीतला एकही माणूस जेवायला आला नाही. मीही गेलो नाही. माझ्याकडे कारण होते: मला तिच्यासमोर बसता येत नव्हते. दाराला कुलूप लागल्याचे मला दुसऱ्याकडून कळले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी उसाच्या बातमीसाठी करकंबला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. तूर आणि मुगाची डाळ मांडून ती पोत्यावर बसली होती. केस पांढरे झाले होते. शेजारी एक गिऱ्हाईक बाई डाळ मुठीत घेऊन हुंगत होती. "जुनी तर न्हाय न्हवं?" तिने विचारले. मावशीने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले आणि ओळखले.

"छापलं का?" तिने विचारले.

"नाही."

"मग फुडं व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि त्या बाईकडे वळून ती म्हणाली, "ह्या सालची हाय. भाजून बगा, शिजवून बगा. न्हाय पटली तर पुडल्या बाजारी परत आना."